शहराच्या हद्दीतली गाडी

नारिन, ४ नोव्हेंबर

चि. बेगइम,

काल एका अनोळखी माणसाने मला फोन केला आणि माझ्या घराचं फाटक निळं आहे हे मला सांगितलं. म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे.

आवाज गोड होता. आधी तब्येत विचारली. मग म्हणाला, "बुरुल आपा, तुमचं फाटक निळं, भिंतीशी गोवऱ्यांची रास, आणि कुत्रा म्हातारा. बरोबर ना?" मी म्हटलं, तू कोण? तर म्हणतो, "तुमच्या भाच्याचा हितचिंतक. एल्दियारला म्हणावं, आमचा फोन उचलत जा. नाहीतर मला तुमच्याकडे चहाला यावं लागेल." एवढं बोलून त्याने ठेवून दिला.

माझी सगळी नोकरी हवामान केंद्रात गेली. वादळात एकटी बसून वाऱ्याचे आकडे टिपलेली बाई आहे मी. पण काल भर दुपारी मी दाराला आतून कडी घातली, आणि कुत्र्यालाही आत घेतलं. तो मेला नुसता शेपूट हलवत बसला.

तुझा नवरा माझा फोन उचलत नाही. तुझा बंद लागतो. तेव्हा सरळ विचारते. त्याने कुणाचे पैसे घेतलेत? कशासाठी? आणि माझ्या दाराची माहिती त्या माणसाला कुणी दिली? उत्तर कागदावर लिही आणि आमच्या गल्लीतल्या सागिनच्या हाती दे. तो प्रवासी घेऊन बिश्केकला येतच असतो. फोनवर मला काही बोलायचं नाही. त्या माणसाला आणखी काय काय ठाऊक आहे ते मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट. पंचवीस तारखेला तुझ्या सासऱ्यांना जाऊन चाळीस दिवस होतात, त्यांचा चाळिसावा आहे. सासरेच म्हणते. एल्दियारचे आईबाप गेल्यावर माझ्या नवऱ्याने, इसाबेकनेच त्याला वाढवलं. दफनाला तुम्ही आला नाहीत. मी लोकांना सांगितलं, पोरगा परदेशी आहे. एकाच माणसासाठी दोनदा खोटं बोलायची मला सवय नाही. चाळिसाव्याला यायचं.

बुरुल आपा

•

बिश्केक, ९ नोव्हेंबर

आदरणीय आपा,

तुमच्या पायाशी बसून सांगायच्या गोष्टी कागदावर लिहिते आहे, चुकलं तर माफ करा. माझ्या फोनचं सिम मी काढून पिठाच्या डब्यात ठेवलं आहे. फोन वाजला की मला धाप लागते, मला धाप लागली की बाळ रडतं, आणि बाळ रडलं की शेजारीण भिंत ठोकते.

तुम्हाला फोन करणारा एमिल. आम्ही ज्यांची गाडी चालवतो त्या टॅक्सी-पार्कचा, म्हणजे गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीचा माणूस. गाडी अजून आमची नाही, आपा. रोजचं भाडं भरायचं, मधे खाडा करायचा नाही, आणि मुदत संपली की गाडी आपल्या नावावर. मार्चमध्ये संपते. पण लागोपाठ दोन दिवस भाडं चुकलं तर गाडी त्यांची आणि आजवर भरलेलंही त्यांचंच. प्रवासी मिळो न मिळो, ताप असो नसो, भाडं ठरलेलं. इकडे ॲप मात्र रोज नवा दर लावतं. कालच्याच रस्त्याला आज निम्मे पैसे. थोडा वेळ बंद ठेवलं तर रुसतं आणि दुसऱ्या दिवशी जवळच्या, चिल्लर फेऱ्या देतं. दफनाच्या वेळी हे निघालेच होते, पण आदला दिवस अंगात ताप असल्याने रिकामा गेला होता. दुसरा गेला असता तर सगळं गेलं असतं. म्हणून आलो नाही. यांनी मला लिहू नकोस म्हटलं होतं.

करार करताना पार्कवाले जवळच्या नातेवाइकाच्या घराचा फोटो मागतात. यांच्याकडे तुमचा आणि सासऱ्यांचा फाटकाशी काढलेला होता, तोच दिला. एमिल तो फोटो समोर ठेवून बोलत असणार.

आपा, खरं सांगायचं तर मला एमिलची तितकी भीती वाटत नाही. बारा तास झाले की ॲप सक्तीने विश्रांती देतं, म्हणून यांनी एका मित्राच्या नावाचं दुसरं ॲप घेतलं आहे. एक थकलं की दुसरं चालू. परवा जेवताना चमचा तोंडाशी गेला आणि तिथेच राहिला. डोळे उघडे होते. मी हाक मारली तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुठे जायचंय?"

चाळिसाव्याला यांना न बोलावता मला एकटीला बोलावलंत तर चालेल का? मी बाळाला घेऊन सागिन-आकेंबरोबर येईन, भांडी घासीन, चूल सांभाळीन. गाडी शहराबाहेर नेलेली पार्कवाल्यांना आवडत नाही.

तुमची सून,
बेगइम

•

नारिन, १२ नोव्हेंबर

बेगइम,

पत्र मिळालं. तू सरळ लिहिलंस ते बरं केलंस. पण शेवटचा परिच्छेद वाचून मी चष्मा काढून ठेवला.

भांडी घासायला गल्लीत बाया पुष्कळ आहेत. अंगणातल्या युर्ताच्या, नमद्याच्या तंबूच्या दाराशी कमरेला पट्टा बांधून, काठीवर रेलून कोण रडणार? इसाबेकला पोटचा मुलगा नाही. लोक घोड्यावरून उतरतील, मोठ्याने रडत अंगणात येतील, आणि समोर त्यांना गळ्यात घ्यायला माणूसच नसेल. एल्दियार लहान असताना नदीत पडला, तेव्हा इसाबेक बूटही न काढता पाण्यात गेला होता. हे तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव.

झोप नाही म्हणतेस. कष्ट करणाऱ्या माणसाची झोप अशीच असते. कोकरं जन्मायच्या दिवसांत इसाबेक उभ्याउभ्या झोपायचा आणि बोलायचाही. बायकोने अशा वेळी चहा करून द्यावा, त्याचं पत्र करू नये.

आणि पार्कवाल्यांना आवडत नाही म्हणजे काय? आवडीनिवडी पाव्हण्यांना विचारतात. भाडं घेऊन घोडा दिला की तो कुठल्या वाटेने जातो हे धनी विचारत नाही. त्या दिवसाचं भाडं आगाऊ भरा आणि त्याच गाडीतून या. गल्लीलाही दिसू दे की पोरगा कामाचा निघाला. रस्ता मोकळा आहे, दोलोन घाटात बर्फ आहे पण ते दाबून बसलेलं. मी केंद्रात विचारलं.

फोटोचं मी इथे काही बोलत नाही. आल्यावर बोलेन.

बुरुल आपा

•

बिश्केक, १७ नोव्हेंबर

आपा,

तुझं पत्र बेगइमने मला गाडीत वाचून दाखवलं. मी गाडी चालवत होतो, मागे एक बाई बसली होती. शिव्या तिघांना सारख्या वाटून बसल्या. उतरताना ती म्हणाली, "जाऊन या हो, म्हातारी खरं बोलते." वर ॲपमध्ये चांगले गुणही देऊन गेली.

येतो. पंचवीसला दुपारपर्यंत दाराशी उभा असेन. पट्टा माझ्या बापाचा, इसाबेक-आताचाच काढून ठेव, माझा तुटला. मेंढ्याच्या डोक्यातला कान, घरच्या पोराचा वाटा, मला ठेव, नेहमीसारखा. शेजारच्यांना देऊन टाकशील, तुझा भरवसा नाही.

गाडी बघशील तर तुझाही राग उतरेल. पांढरी आहे. बसायची जागा खालून गरम होते. म्हातारपणी तुला सरोवरावर नेईन म्हणणार होतो, पण तू अजून म्हातारी झाली नाहीस असं तूच सांगत असतेस, तेव्हा थांबतो. मार्चपासून ती माझी. मग भाडं नाही, एमिल नाही. मनात आलं तर काम करायचं, नाहीतर फाटकाला टेकून शेंगदाणे खायचे.

एमिलचं मनाला लावून घेऊ नकोस. बोलायची तशी पद्धतच आहे त्याची. गाडीचं काय ते मी त्याच्याशी बोललोय.

अक्षर मधेमधे खाली घसरलंय तिकडे बघू नकोस. पेन बरोबर नाही.

तुझा,
एल्दियार

•

नारिन, २६ नोव्हेंबर

एल्दियार,

काल चाळिसावा झाला. दोन मेंढ्या आणि घोडी कापली. आत-बाशीहून, कोचकोरहून लोक आले. तू आला नाहीस.

दुपारपर्यंत मी अंगणात उभी राहिले. लोक रडत आत यायचे आणि दाराशी सागिन काठी घेऊन उभा. सागिन. ज्याचा आमच्याशी फक्त गल्लीचा संबंध. इसाबेकची चुलत बहीण मला सगळ्यांच्या देखत म्हणाली, "काय ग बुरुल, परदेशातून अजून परतला नाही का तुझा मुलगा?" मी भात वाढत राहिले.

दोलोनवर काल वारा होता हे मला माहीत आहे. पण रस्ता बंद नव्हता. मी केंद्रातल्या मुलीला स्वतः विचारलं. ती म्हणाली, वाहनं चालू आहेत. तेव्हा ती सबब देऊ नकोस.

कान मी सागिनला वाढला. मी आता पत्र लिहिणार नाही.

बुरुल

•

कोचकोरचं इस्पितळ, २९ नोव्हेंबर

आदरणीय आपा,

काल सागिन-आके इथे आले होते. चहाच्या टपरीवर एका ट्रकवाल्याने त्यांना आमच्याबद्दल सांगितलं. तुमचं पत्र त्यांच्या खिशात होतं. द्यावं की न द्यावं म्हणून ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मीच मागून घेतलं. ते यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. ते मी पोचवणारही नाही. सुनेने असं लिहू नये, पण लिहिते.

आम्ही येत होतो, आपा. पहाटे निघालो. भाडं आगाऊ भरलं होतं. पण गाडी शहराच्या हद्दीबाहेर न्यायची नाही असं करारातच आहे. तुम्हाला मी 'आवडत नाही' असं लिहिलं, कारण यांनी खरं लिहू दिलं नाही. म्हणाले, भाड्याच्या गाडीला दावणीसारखी दोरी आहे हे आपाला कळलं तर ती गल्लीत तोंड दाखवणार नाही. एमिलशी हे काहीच बोलले नव्हते. यांचा अंदाज असा की गाड्या कुठे आहेत ते दाखवणाऱ्या पडद्याकडे तो दुपारपर्यंत बघत नाही, तोवर आपण नारिनला पोचू, मग पुढचं पुढे.

दोलोनच्या चढावर बाळ दुधासाठी रडायला लागलं म्हणून थांबलो. पाजून झालं आणि गाडी चालूच होईना. दिवे लागत होते, इंजिन नाही. यांनी पुन्हा पुन्हा चावी फिरवली. मग हात काढून मांडीवर ठेवले. मला तेव्हाच कळलं. त्या लोकांना तिथे बसून इथली गाडी बंद करता येते, आपा. एक बटण असतं.

फोनला नेटवर्कची जेमतेम एक रेघ येत होती. एमिल लागला. मी शेजारीच होते, सगळं ऐकलं.

"हद्दीबाहेर आहात."

"घरी चाळिसावा आहे. उद्या परत येतो. चालू कर, गाडीत लहान मूल आहे."

"गाडी शहरात आणा, लगेच चालू करतो."

"बंद गाडी शहरात कशी आणू?"

"ते तुम्ही हद्द ओलांडायच्या आधी बघायचं. नियम मी केला नाही, एल्दियार. मी पण पगारी माणूस आहे."

मग रेघ गेली. पुन्हा आली नाही.

काचा आतून गोठल्या. बसायची जागा खालून गरम होते ती पण गार पडली. यांनी आपले हातमोजे बाळाच्या पायांत घातले, कोट माझ्या अंगावर टाकला आणि रस्त्यावर उभे राहिले. वाऱ्यात पांढऱ्या रस्त्यावर पांढरी गाडी कुणाला दिसणार? दोन वाहनं गेली, थांबली नाहीत. मग हे मला 'दार उघडू नकोस' म्हणून वळणापलीकडे चालत गेले, आणि मला दिसेनासे झाले. आपा, मी तिथे बाळाला पोटाशी धरून तुमच्या नावाने हाका मारत होते. कशासाठी ते मला आता सांगता येत नाही.

नारिनला कोळसा टाकून रिकामा परतणारा ट्रक यांनी थांबवला. म्हणजे ट्रकसमोर जाऊन उभे राहिले. त्या माणसाने आधी शिव्या दिल्या आणि मग आम्हाला इथवर आणलं.

बाळाच्या छातीत कफ भरला आहे, पण आता दूध घेतं. यांच्या डाव्या हाताची दोन बोटं टोकाशी काळी पडली आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात वर टांगून झोपून राहा. हे दुसऱ्याच दिवशी उठले. एमिलने दंड कबूल करून घेतला आणि गाडी चालू केली. ट्रकवाल्याबरोबर घाटात गेले, गाडी घेतली आणि बांधलेल्या हाताने बिश्केकला निघून गेले. म्हणाले, "चार महिने राहिले बेगइम, इतकं भरून आता सोडू?" तुम्हाला मी फोन करणार होते. हेच म्हणाले, त्या दिवशी तिला नको.

मी त्यांना अडवू शकत नाही. माझं ऐकत नाहीत. तुम्ही एकदा म्हणालात म्हणून ते दोलोनवर आले. तुम्ही म्हणालात तर थांबतीलही.

बेगइम

•

नारिन, १ डिसेंबर

एल्दियार,

बेगइमचं पत्र वाचलं. मी बोलावलं म्हणून तू आलास. बर्फाचं मी विचारलं, गाडीचं विचारलं नाही. त्यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

गाडी परत कर. आजच. भरलेले पैसे गेले तर जाऊ देत. नदीत घोडा वाहून चालला की त्याची शेपटी धरून राहणारा माणूसही जातो. लगाम सोडणाऱ्याला मी आजवर कधी भित्रा म्हटलेलं नाही.

सव्वीस तारखेला मी तुला एक पत्र लिहिलं होतं. ते तुझ्या हाती आलं तर न वाचता फाडून टाक.

आपा

•

बिश्केक, ४ डिसेंबर

आपा,

घोड्याचं तू बरोबर लिहिलंस. पण हा घोडा नाही. घोडा गेला तर गेला, त्याचं दुःख एकदाच होतं. माझं दीड वर्ष त्या गाडीत आहे. बेगइमच्या कानातलं तिच्यात आहे. लग्नात तू दिलेल्या घोडीचं शिंगरू तिच्यात आहे, ते विकल्याचं तुला सांगितलं नव्हतं. मी आज चावी दिली तर हे सगळं एमिल दुसऱ्या माणसाला पहिल्यापासून विकायला लागेल.

तुला वाटेल मला दिसत नाही. दिसतं. आमच्यातल्या कुणाचीच मुदत सहसा पुरी होत नाही. शेवटचे काही महिने राहिले की काहीतरी निघतंच. दंड, हद्द, ओरखडा. सगळे हसून सांगतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपलं तसं होणार नाही. मलाही वाटतं. वाटलं नाही तर सकाळी गाडीत बसता येणार नाही.

तू घाबरट नाहीस म्हणून तुला सांगतो. परवा दुपारी बाजारापाशी मागे इसाबेक-आता बसलेले दिसले. आरशात. टोपी घालून. मी विचारलं, कुठे सोडू? ते म्हणाले, पुढे बघ. पुढे बघितलं तर शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती. गाडी थांबली. कशी, ते मला आठवत नाही. मागे एक विद्यार्थी बसला होता, कानात गाणी लावून. त्याला काही कळलंही नाही.

मला भीती वाटते, आपा. पण थांबायची जास्त वाटते. थांबलो तर मी कोण? रोज सकाळी ॲप मला नावाने हाक मारतं, आज इतके मिळवू शकाल म्हणतं. बाकी कुणी मला काही द्यायचं म्हणत नाही.

येऊ नकोस. बसायला जागा नाही आणि मी घरी नसतो.

एल्दियार

•

बिश्केक, ८ डिसेंबर

चि. बेगइम,

बाळाचा ताप उतरल्याचं सागिनकडून कळलं. इस्पितळातून सोडेपर्यंत निघू नकोस. इथलं काम झालं. कसं झालं ते तुला कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सहा तारखेला सागिनबरोबर आले. घरी कुलूप होतं. शेजारणीने भिंत ठोकायच्याऐवजी दार उघडून मला चहा दिला. सकाळी तो कपडे बदलायला आला आणि मला बघून दारातच टेकला.

"सांगितलं होतं येऊ नकोस म्हणून."

"पत्र उशिरा मिळालं," मी म्हटलं. ते खोटं होतं.

"मला वेळ नाही आपा."

"मी कुठे मागितला? मी गाडीत बसते. तुझी गरम जागा बघायची आहे."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याला मला उतरवता येईना. प्रवासी बसायचे, विचारायचे, या कोण? तो म्हणायचा, "मालकीण." एक तरुण पोरगी म्हणाली, "आपा, तुमच्या ड्रायव्हरला जरा झोपू द्या, डोळे बघा त्याचे." मी म्हटलं, माझं कुठे ऐकतो तो.

तू चमच्याचं लिहिलं होतंस आणि मी तुला चहा करायला सांगितलं होतं. त्याच्या शेजारी बसेपर्यंत मला कळलं नाही. डोळे उघडे असतात, हात बरोबर फिरतात, आणि आत माणूस नसतो. मी हवामानाची बाई. आभाळ स्वच्छ दिसत असताना मागून काय येतंय हे ओळखायचा पगार घेत होते. माझे पाय दुपारपर्यंत गाडीच्या तळाला इतके रेटले गेले होते की उतरताना गुडघे सरळ होईनात.

दुपारी चौकात लाल दिवा लागला. हिरवा झाला. गाडी हलली नाही. मागे कोटातला एक माणूस बसला होता, तो म्हणाला, "चला." मागच्या गाड्यांनी भोंगे सुरू केले. मी बघितलं. एल्दियारची हनुवटी छातीवर आली होती, काळं बोट स्टिअरिंगवर उभं. मी त्याला उठवलं नाही. गाडीची चावी फिरवून बंद केली आणि हात मांडीवर घेऊन बसले.

कोटवाला म्हणाला, "म्हातारे, उठव ना त्याला."

"तुम्हीच उतरा. त्याला मी कितीतरी दिवसांनी झोपलेला बघते आहे."

तो दार आपटून गेला. दिवा किती वेळा बदलला कोण जाणे. लोक खिडकीशी येऊन ओरडले, एकाने काचेवर मूठ मारली. शेवटी वाहतुकीचा पोलीस आला, त्याने आत वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मागच्या गाड्या बाजूने वळवायला लागला. त्याचाही कुणी टॅक्सी चालवत असावा.

एल्दियार जागा झाला तो दचकून. मागे वळून बघितलं. "आपा, मागचा कुठे गेला?"

"उतरला."

"कधी?"

मी सांगितलं. त्याने चौकाकडे, पोलिसाकडे, पुढच्या पट्ट्यांवरून हात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाई आणि लेकराकडे बघितलं. "मी थांबलेलो होतो ना? थांबलेल्या गाडीतच झोपलो ना?" असं दोनतीनदा विचारलं. मी म्हटलं, या वेळी. मग पार्कचा रस्ता त्याने स्वतःच धरला. वाटेत दोन्ही ॲप हाका मारत राहिली, तर फोन उताणा होता तो पालथा घातला.

एमिल हा विशीतला पोरगा निघाला. दाढीसुद्धा धड नाही. मला बघून उभा राहिला, बसायला खुर्ची दिली. "आपा, बोलायची पद्धत आम्हाला शिकवतात," म्हणाला. मी म्हटलं, तुला आई असेल तर तिला सांग काय शिकवतात ते. तो खाली बघून कागद भरू लागला. एल्दियारकडे बघून एकदा म्हणाला, "चार महिने राहिलेत. खरंच?" मला वाटलं, आता हा फिरतो. एल्दियारने माझ्या कोटाची बाही धरली, लहानपणी धरायचा तशी, आणि सही होईपर्यंत सोडली नाही.

आवारात पुढचा माणूस येऊन बसलाच होता. झोल्दोश नावाचा, आत-बाशीचा, माझ्याच वयाच्या आसपासचा. दोन घोड्या विकून आला आहे. सारखा गाडीभोवती फिरत होता, बोनेटवर थाप मारत होता, घोड्याच्या मानेवर मारतात तशी. मला सलाम करून म्हणाला, "मुदत संपली की गावाकडे नेणार. पोरीचं लग्न आहे उन्हाळ्यात." मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. घाट, बटण, बाळ. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "तुमचा भाचा तरुण आहे आपा, घाई करतो. मी सावकाश चालवीन."

एल्दियार कालपासून झोपला आहे. मधे उठून पाणी प्यायला आणि मला विचारलं, भाडं भरलं का? भरलं म्हटलं. बोटांचं इथल्या डॉक्टरांना दाखवायचं आहे, एकाचं टोक जाईल असं दिसतं. तुम्ही तिघं नारिनला या. तिथे काय काम मिळेल ते मला माहीत नाही. माझ्या पेन्शनीत चौघांचं कसं भागेल तेही माहीत नाही, आणि त्याचा विचार केला की मला त्या फोनच्या दिवसासारखी दाराला कडी घालावीशी वाटते. पण तो झोपला आहे.

काल दिलं-घेतलं त्याची नोंद खाली करते. एक प्रत तुझ्यापाशी असू दे. ही माणसं उद्या काय म्हणतील ते सांगता येत नाही.

टॅक्सी-पार्कला दिलं: पांढरी गाडी, चालू स्थितीत, उजव्या आरशाला तडा आधीपासूनचा, तसं लिहून घेतलं. जादा चाक, जॅक, प्रथमोपचाराची पेटी. गाडीचे कागद. मित्राच्या नावाचं ॲप एमिलसमोर बंद केलं, एल्दियारचं त्याने स्वतः केलं.

टॅक्सी-पार्कने दिलं: बाळाची गाडीतली खुर्ची. तुझी करडी शाल, मागच्या सीटखाली होती. दुधाची बाटली, फुटलेली.

भरलेल्या भाड्यापैकी परत: काही नाही. दंड: कायम. माझ्या पेन्शनमधून हप्त्याने, माझ्या सहीने.

चावी, एक. एमिलने हातात घेतली नाही, म्हणाला, पुढच्याला द्या, कागद नंतर करतो. एल्दियारने ती झोल्दोशच्या हातावर ठेवली. साक्षीदार म्हणून सही मी केली.

बुरुल इसाबेकची